एकच्या वर नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही वही अपेक्षाची. पहिली एकोणीस पानं तिच्या अक्षरात आहेत, विसावं माझं. तिचा नियम होता की ज्या दिवशी गाडीला हात लावला त्या दिवशी लिहायचंच. काय उघडलं, काय बसवलं, काय चुकलं. आज मी हात लावला, म्हणून लिहितोय. ती नियम करून निघून गेली आणि पाळायचा मी, अशी गंमत आहे.

गाडी प्रज्वलची. कापसाच्या जिनिंगवाल्यांचा एकुलता एक. पंधरा वर्षं जुनी निळी जपानी गाडी त्याने मुंबईहून आणली. दोन दारं, मागच्या सीटवर माणूस नाही, फक्त कुत्रं बसेल. टर्बो आहे, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. जेवढा दाब जास्त तेवढी गाडी पिसाळते. अकोल्याच्या एका पोराला हरवायचं म्हणून प्रज्वलने ती आमच्या गॅरेजात आणून टाकली. जळगाव जामोदला संग्रामपूर रस्त्यावर आमचं गॅरेज. बाबा गेल्यापासून मी ट्रॅक्टर आणि बोअरच्या गाड्या बघतो. अपेक्षा डिप्लोमा करून आली, तेव्हापासून जे काही लॅपटॉपवर चालतं ते तिचं. मोठा टर्बो आम्ही दोघांनी मिळून बसवला.

भाऊबीजेला तिने मला ओवाळलं. तिला वर्षभर हवा होता तो टॉर्क पाना मी ताटात टाकला. बोल्ट किती घट्ट बसला त्याचं माप दाखवणारा पाना. तो छातीशी धरून ती रडली. मला वाटलं, आनंदाने रडते आहे. दुसऱ्या दिवशी तिने प्रसेनजितशी कोर्टात लग्न केलं. महिनाभर आधी नोटीस लावलेली होती म्हणे. तो संग्रामपूरला शिकवायला आहे. तो बौद्ध, आम्ही नाही. गाव एवढंच बोललं आणि तेवढं पुरलं.

प्रज्वलच्या घरून तिला मागणी आली होती. मी हो म्हणालो होतो. तिला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात?

२५ तारखेला मी त्यांच्या खोलीवर गेलो. दोघं नव्हते. दार तोडलं, मध्ये आलेल्या त्याच्या चुलतभावाचे दोन दात पाडले. बोटांची हाडं अजून सुजलेली आहेत, पाना नीट धरता येत नाही. आज फक्त इंटरकूलर बसवला. टर्बोने तापवलेली हवा थंड करणारी जाळी ती, बंपरच्या मागे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रज्वल आला. मी वाटच बघत होतो की शिव्या घालेल. त्याने खुर्ची ओढली, चहा मागवला.

"शेखरभाऊ, रेस गेली खड्ड्यात. आता गाडी दुसऱ्या कामाले पायजे."

"कोणत्या?"

"तुमच्याच."

मग आम्ही बोललो. ते दोघं मोटरसायकलवर कुठे एकटे सापडतील तिथे गाठायचं. गाडी आडवी लावायची. मी उतरायचं, त्याचा एक पाय मोडायचा, अपेक्षाला गाडीत घालून घरी आणायचं. लंगड्याबरोबर ती किती दिवस राहील? प्रज्वल म्हणाला, "मी फक्त गाडी चालवतो भाऊ. हात तुमचा." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मोठ्या मनाचा मुलगा आहे, एवढं होऊनही आमच्या घराचा विचार करतो.

दोन फूट सळई कापली, एका टोकाला पट्टी गुंडाळून मूठ केली. सीटच्या मागे ठेवली आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी ओढत नाही! तिसऱ्या गिअरला जरा जोर धरते आणि मागून कुणी शेपटी धरल्यासारखी बसते. दाबाचा काटा एकवर जाऊन खाली येतो. सकाळपासून होज तपासले, क्लिपा तपासल्या. संध्याकाळी लॅपटॉप उघडला. अपेक्षाने आत कुलूप घालून ठेवलंय. इंजिनात खडखड झाली की दाब आपोआप पडतो.

आपल्याकडे पंपावर साधं पेट्रोल. जास्त दाबाखाली ते ठिणगीच्या आधीच पेटतं आणि पिस्टनवर घाव बसतात. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा आवाज येतो. हे मलाही कळतं. पण मला न विचारता कुलूप? माझ्या गॅरेजात?

वही चाळली तर सतराव्या पानावर तिने सगळं लिहून ठेवलं होतं. काय करायचं नाही, कुणी करायचं नाही. वाचून डोकं फिरलं. पान फाडलं आणि गॅसच्या ज्योतीवर धरलं.

माय दारातून बघत होती. म्हणाली, "पोरीचं अक्षर कायले जाळून राह्यला बे?"

९ नोव्हेंबर, रविवार

मोटरसायकलवर संग्रामपूरला गेलो. रसवंतीच्या आडोशाला बसलो. चार वाजता ते निघाले. तो पुढे, ती मागे, तिच्या खांद्याला अवजारांची पिशवी. माझ्या अंगाची लाही झाली. हसत होती. मागे मागे गेलो. त्याच्या गावी, त्याच्या भावाच्या वावरात ती ट्रॅक्टर दुरुस्त करत बसली. आमचं गॅरेज सोडून फुकटात त्यांचा ट्रॅक्टर!

त्याचा उजवा पाय. ब्रेकवर असतो तो. तोच मोडायचा.

दर रविवारी चारला ते असेच निघतात, रसवंतीवाल्याकडून कळलं होतं. प्रज्वलला फोन करून वेळ आणि रस्ता सांगितला. त्याने दोनदा विचारलं, "ती मागंच बसते नं? दर वेळेस?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रज्वलने पुढच्या बंपरसमोर दोन इंची पाइप वेल्ड करायला सांगितला. म्हणतो, "रोही आडवा आला तर गाडीचं तोंड जाईन." खरं आहे, सातपुड्याकडून रोही, म्हणजे नीलगाई, येतात, गेल्या वर्षी एकाने जीपची काच फोडली. पण पाइपने इंटरकूलरची हवा अडते, हवा तापते, लाह्या लवकर फुटतात. सांगितलं त्याला. "दोन मिनिटांचं काम आहे भाऊ, तेवढ्यात काय तापते?" म्हणाला. पाइप लावला. वेल्डिंग सुंदर आलं. माझ्या हातचं वेल्डिंग तुटत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज त्या दोघांमागे गेलो नाही, गाडीची चाचणी घेतली. एका टेम्पोवाल्याने साइड दिली नाही. हॉर्न मारला, दिवे मारले, हा आपला मधोमध. पुढे घालून थांबवला आणि त्याला खाली ओढला. पन्नाशीचा माणूस, मालात टोमॅटोचे क्रेट. मी दोन लगावल्या. तो म्हणाला, "साहेब, काऊन मारता? आरसाच नाई मह्या गाडीले." तरी एक लगावली. मग त्याचे क्रेट रस्त्यावर उपडे केले आणि टोमॅटोवरून गाडी घातली.

परत येताना बरं वाटत होतं. रात्री जेवलो नाही. का कुणास ठाऊक.

गाडी अजून एकवरच अडते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माय चोरून तिच्याशी बोलते. दुपारी पाणी प्यायला घरात गेलो तर चुलीपाशी बसून फोनमध्ये कुजबुजत होती. "डाळिंबं खाजो, रक्त वाढते." मी फोन मागितला. दिला नाही. पदरात धरून बसली. मी ओढला. ओढताना तिचा तोल गेला आणि ओट्याच्या काठावर कपाळ लागलं. फार नाही, तीन टाके.

फोन ऐरणीवर ठेवून घणाने फोडला, सिमसकट. अपेक्षाचा नवा नंबर त्या एकाच फोनमध्ये होता. मायला वाचता येत नाही, नंबर पाठ नाही. आता बोल म्हणावं.

माय रडली नाही. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? ती म्हणाली, "पडली." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कुलूप तोडलं! तीन संध्याकाळी लॅपटॉपसमोर डोळे फोडले, पण ती ओळ सापडली. खोडून टाकली. दाबाची कळ डॅशबोर्डखाली आहे, ती फिरवत नेली. सव्वा. दीड. सरळ पट्ट्यावर एकदाच पूर्ण दाबून बघितली. मान मागे आपटली, डोळ्यांपुढे रस्ता अरुंद झाला. शेवटी एक बारीक आवाज आला, चार लाह्या फुटल्यासारखा. पाय काढला, थांबला. एवढं चालतं.

म्हणे एकच्या वर नाही. आता ये आणि बघ.

संध्याकाळी प्रज्वल आला. खूश झाला, मला मिठी मारली. मग म्हणाला बाजूची सीट काढा, वजन कमी होईल. चार बोल्ट, काढली. नंबर प्लेटही त्याने स्वतः काढली. मी म्हणालो, "मंग मी कुठी बसू उद्या?"

"तुमचं काय काम आता? तुमच्यावर आळ नको याले. घरी बसा, मायजवळ."

माझी काळजी करतो. पण सळईचं काम कोण करणार, हे विचारायचं राहिलं. सकाळी विचारतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल गाडीला हात लावला नाही, पण लिहावं लागेल. डावा हात प्लास्टरमध्ये आहे. उजव्याने लिहितोय.

काल सकाळी प्रज्वलने फोन उचलला नाही. दुपारी तीनच्या पुढे जेवायला बसलो. मायने ताट ठेवलं आणि समोर बसली. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली. कपाळावरची पट्टी डोळ्यापर्यंत आली होती.

"तू आज त्याचा पाय मोडणार हायस."

मी म्हणालो, कोण म्हणालं?

"तुह्या वहीतलं शेजारच्या काजलनं वाचून दाखवलं. मले एक सांग शेखर. मोटरसायकलवर दोघं बसतात. गाडीनं ठोकली तं एकट्याचाच पाय कसा मोडीन?"

मी म्हणालो, ठोकायची नाही, आडवी लावायची आहे.

"मंग तो पाइप कायले?"

घास तोंडात होता. तो तसाच राहिला. पाइप. सीट. नंबर प्लेट. "ती मागंच बसते नं?" मी सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, एकेक दिवस करून, आणि मला दिसलं नव्हतं. अक्षर न कळणाऱ्या बाईला एकदा ऐकून दिसलं.

गॅरेजकडे धावलो. प्रज्वल गाडीत बसत होता. मी त्याची कॉलर धरली.

"तिले काही करायचं नाई. असं ठरलं नव्हतं."

"तिनंच केलं भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "मह्या बापानं चार गावांत पेढे वाटले होते. मी कोणाले तोंड दाखवू? तुमची इज्जत अन् माही इज्जत एकच हाय, घरी जा."

मी त्याच्या नाकावर मारलं. रक्त आलं. दुसरा गुद्दा मारायला हात उचलला तेवढ्यात त्याने सीटमागची सळई काढली. मूठ चांगली बसली असणार, मीच गुंडाळली होती. पहिला घाव मनगटावर, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा बरगड्यांवर. मी खाली पडलो आणि गाडी माझ्या पायांवर खडी उडवत गेली.

११२ला फोन केला. निळी गाडी, नंबर नाही, संग्रामपूर रस्ता, माझ्या बहिणीला मारायला गेली आहे. बाई म्हणाली, गाडी पाठवते. मग अपेक्षाला लावायचा म्हणून फोन बघितला, आणि आठवलं की नंबर ऐरणीवर आहे.

मोटरसायकल काढली. डावा हात लोंबत होता, क्लच दाबता येत नव्हता, गिअर तसेच आपटत टाकले. ऐंशीच्या वर ती जात नव्हती. पुढे काहीच दिसत नव्हतं, निळ्या गाडीची धूळसुद्धा नाही. तीन आठवडे राबून मी अशी गाडी केली होती की ती मलाच गाठता येईना. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

सरळ पट्टा संपतो तिथे कापूस वेचणाऱ्या बाया रस्त्यावर आल्या होत्या. मोटरसायकल नालीत. प्रसेनजित डांबरावर आडवा. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि अपेक्षाने वर ओढणी बांधून गाठीत पिशवीतला एक साधा पाना घालून पिळून धरला होता, रक्त थांबायला. एका बाईने पाना धरला तेव्हा ती उठली. तिची कोपरं सोलली होती, बाकी तिला काही झालं नव्हतं.

बायांनी सांगितलं ते असं. गाडीने मागून येऊन धडक दिली. प्रसेनजितने शेवटच्या क्षणी मोटरसायकल डावीकडे ओढली म्हणून पाइप फक्त त्याच्या पायाला लागला. अपेक्षा उडून कपाशीत पडली. गाडी पुढे जाऊन वळली. ती उठून त्याच्याकडे धावत होती आणि गाडी तिच्यावर येत होती, पूर्ण जोरात. मग लाह्या फुटल्यासारखं काहीतरी वाजलं, मोठा बार झाला आणि बोनेटखालून जाळ निघाला. गाडी तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर फरपटत थांबली.

प्रज्वल दार उघडून सळई घेऊन उतरला. अपेक्षाने पिशवीतून टॉर्क पाना काढला. त्याने सळई उचलायच्या आत तिने जबड्यावर मारला, मग खांद्यावर, मग तो पडल्यावर सळईच्या हातावर, बोटं सुटेपर्यंत. बाया म्हणाल्या, आम्ही धरली नसती तर तिने त्याला ठेवलाच नसता. मी पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला तोंडातून रक्त गाळत बसला होता आणि दोन बायांनी त्याला विळे दाखवून धरला होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला? की त्या पान्याने असं मारायचं नसतं, त्याचं माप बिघडतं. लाज वाटते, पण आला.

बायांनी जाळावर माती टाकली होती. अपेक्षा गाडीपाशी गेली आणि वाकून खालून बघितलं. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं, रॉड बाहेर आला होता, ऑइल रस्ताभर सांडलं होतं. मी तिच्या मागे उभा राहिलो. तिने वळून बघितलं नाही.

"किती ठेवला होता?"

"दीड."

"अन् कुलूप?"

"तोडलं."

मला वाटलं आता माझ्याही जबड्यावर बसेल. बसावी असं वाटत होतं. ती सरळ झाली आणि प्रसेनजितजवळ जाऊन बसली. ओढणीतला पाना परत हातात धरला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रसेनजितचा पाय अकोल्याला गुडघ्याखाली कापला. उजवा.

माय तिथेच आहे. मी गेलो तर दारातूनच म्हणाली, "तू नको येऊ."

आज प्रज्वलच्या काकांनी वकील पाठवला. चांगलं बोलला. म्हणाला, इंजीन फुटलं, गाडी हाताबाहेर गेली, अपघात झाला. मोटरसायकल चुकीच्या बाजूने आली असं दोघे साक्षीदार सांगतील. टॉर्क पान्याने मारलं ते मात्र खरं, त्यात तुमची बहीण अडकेल. तुम्ही गप्प राहा, तिचंही मिटवू. "अन् ऐकलं तुम्ही काही लिहून ठेवता. ते जाळून टाका शेखरभाऊ. त्यात सगळ्यात आधी तुम्हीच फसता."

खरं बोलला. ही वही सांगते की हा अपघात नव्हता. आणि वही हेही सांगते की वेळ मी दिली, रस्ता मी दिला, पाइप मी लावला, सळईला मूठ मी केली, त्याच्या उजव्या पायावर बोट मी ठेवलं.

दुपारभर गॅसच्या बाटलीजवळ बसलो. ज्योत दोनदा पेटवली, दोनदा बंद केली. मला तुरुंगाची भीती वाटते, ते लिहितो.

मग वही पहिल्यापासून वाचली. ठाण्यात द्यायच्या आधी दोन गोष्टी नीट करतो. १८ तारखेला मायचा तोल गेला असं लिहिलं आहे. तोल गेला नव्हता. मी मारलं. फोन आधीच माझ्या हातात आला होता, त्यानंतर मारलं. आणि इंजीन फुटलं म्हणून बहीण वाचली. कुणी म्हणेल मी वाचवली. मी नाही वाचवली. मी दाब वाढवला तो तिला खोटं पाडायला.

पानं मोजली. एक कमी आहे, सतरावं, ते मी जाळलं. त्यावर काय होतं ते मला पाठ आहे. तिच्या अक्षरात आता ते कुठेच नाही, म्हणून माझ्या अक्षरात लिहून ठेवतो.

साधं पेट्रोल. दाब एकच्या वर नाही. कुलूप काढायचं नाही. दादा, तू चिडला असशील त्या दिवशी या गाडीला हात लावू नको. मी आल्यावर दोघं मिळून बघू.